लांबच्या स्पेशालिस्टचं ओपिनियन घेताना नेमकं काय करायचं

तुम्ही विचारलंय की छोट्या हॉस्पिटलमध्ये रात्री एकटेच डॉक्टर असता, स्पेशालिस्ट जवळ कोणी नसतो, म्हणून फोनवर, व्हिडिओवर किंवा चॅटवर फोटो पाठवून ओपिनियन घेता, तर ते नीट कसं घ्यायचं, फोटोवर किती भरवसा ठेवायचा आणि उद्या काही चुकलं तर जबाबदारी कोणाची. मी या कामाच्या दोन्ही बाजूंना बसलेय. सुरुवातीची काही वर्षं अशीच एकटी ड्युटी करत लांबच्या सिनियर्सना फोन लावायचे, नंतर मेडिसिन करून आयसीयूत आले आणि आता बरीच वर्षं जवळपास रोज असे कॉल घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन लावायच्या आधी प्रश्न ठरवा, अगदी एका वाक्यात. मला येणारे कितीतरी कॉल असे सुरू होतात, "मॅडम एक पेशंट आहे, पासष्ट वर्षांचे, शुगर आहे बीपी आहे, तीन दिवसांपूर्वी ताप आला होता, मग बाहेर दाखवलं, तिथे गोळ्या दिल्या, मग जरा बरं वाटलं..." आणि पाच मिनिटं झाली तरी कळत नाही की यांना माझ्याकडून काय हवंय, मी आपली डोक्यात दहा शक्यता घोळवत बसते आणि बीपी ८० आहे हे सगळ्यात शेवटी कळतं. त्याऐवजी "मॅडम, सेप्टिक शॉक वाटतोय, बीपी ८०/५०, दोन लिटर सलाईन गेलं तरी वर येत नाहीये, नॉरॲड सुरू करायचंय पण सेंट्रल लाइन नाही, हातातल्या लाइनमधून सुरू करू का?" (सेप्टिक शॉक म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळणं, नॉरॲड म्हणजे बीपी वर आणणारं औषध, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत टाकलेली नळी) असं ऐकलं की पहिल्या दहा सेकंदांत मी तुमच्या पेशंटपाशी पोचलेली असते. बाकी हकीगत मग विचारता येते.

यासाठी एसबार नावाची पद्धत आहे, कॉलेजात ऐकली असेल. मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर निरोप द्यायला वापरायचे, तिथून अमेरिकेतल्याच कायझर परमनेन्टे या संस्थेच्या हॉस्पिटलांत आली आणि मग सगळीकडे पसरली. आत्ता काय चाललंय, मागची हकीगत काय, मला काय वाटतंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय, एवढंच. पण यातला तिसरा भाग, "मला काय वाटतंय", हा बहुतेक जण गाळतात. संकोच वाटतो, सिनियरसमोर चुकीचं डायग्नोसिस बोललो तर काय म्हणतील असं वाटतं. मला विचाराल तर तोच भाग सगळ्यात कामाचा. तुम्ही "न्यूमोनिया वाटतोय" म्हणालात की मला कळतं तुम्ही कुठल्या दिशेने बघताय, मग मी लगेच विचारू शकते की पायाला एका बाजूला सूज आहे का, कारण पल्मनरी एम्बोलिझमचा, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा, विचार तुमच्या मनात आलेला नाही हे मला तुमच्याच अंदाजावरून समजलं. अंदाज चुकला तरी चालतो, तो सांगितला गेला पाहिजे.

तोंडी माहितीवर दिलेला सल्ला किती घसरू शकतो याचा एक अभ्यास २०१३ साली अमेरिकेतून आला होता, मी तो नव्या मुलांना नेहमी सांगते. ४७ पेशंट होते. एका डॉक्टरने फक्त ऐकीव माहितीवर सल्ला दिला आणि त्याच दिवशी दुसऱ्याने त्याच पेशंटला प्रत्यक्ष तपासून सल्ला दिला. ४७ पैकी २४ जणांच्या बाबतीत तोंडी दिलेली माहिती अपुरी किंवा चुकीची निघाली आणि २८ जणांच्या बाबतीत तपासल्यावर सल्ला वेगळा आला. अभ्यास छोटा आहे मान्य, आणि तिथे दोघंही डॉक्टर एकाच हॉस्पिटलात होते, तरीही हे. म्हणजे लांबून बोलताना तर माहिती आणखी पक्की हवी.

म्हणून आकडे आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच नंबर फिरवा. पल्स, बीपी, सॅच्युरेशन (ऑक्सिजन लावून की न लावता, लावला असेल तर किती लिटरवर), टेंपरेचर, शुगर, शुद्ध कशी आहे, लघवी किती झाली, किडनीची क्रिएटिनिन तपासणी झाली असेल तर ती, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी, बाई असेल तर दिवस गेलेत का, लहान मूल असेल तर वजन आणि ते वजन खरंच काट्यावर केलंय की अंदाजे आहे. आणि श्वासाचा दर, हा प्लीज स्वतः मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ हातात धरून. केसपेपरवर सगळ्यांचाच २० लिहिलेला असतो. मी तो आकडा ऐकला की पुन्हा मोजायला सांगते आणि कितीदा तरी तो ३४, ३६ निघतो, आणि तिथून सगळं ओपिनियनच बदलतं.

आता फोटो. ईसीजी लांब पाठवायची कल्पना काही आजची नाही, आइन्थोव्हेननी १९०५ सालीच लायडनला हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून साधारण दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत काढला होता. अडचण आता पाठवायची राहिलेली नाही, काय पाठवलं जातं याची आहे. एक प्रसंग सांगते. रात्री एका तरुण डॉक्टरचा फोटो आला, पन्नाशीचे गृहस्थ, छातीत दुखतंय, घाम आलाय. फोटोत लीड टू, थ्री, एव्हीएफमध्ये (हृदयाची खालची बाजू दाखवणारे आलेख) एसटी हा रेघेचा भाग जेमतेम वर वाटत होता, मिलिमीटरपेक्षा कमीच (तो वर उचलला जाणं ही हार्ट अटॅकची खूण). मी सांगितलं ॲस्पिरिन द्या, वीस मिनिटांनी ईसीजी रिपीट करा आणि पाठवा. फोन ठेवला पण मन लागेना, कारण सगळेच कॉम्प्लेक्स, म्हणजे ठोक्यांच्या लहरी, बारके दिसत होते, एखादं लीड नाही, सगळेच. परत फोन केला, म्हटलं तो कागद टेबलावर सपाट ठेवा, चारही कडा दिसतील असा वरून फोटो काढा. तो फोटो आला तेव्हा डावीकडच्या टोकाला कॅलिब्रेशनचा तो चौकोनी खांब दिसला, पहिल्या फोटोत तो कापला गेला होता. दहा मिलिमीटर उंच असायला हवा, तो पाचच होता. मशीन हाफ स्टँडर्डवर होतं, म्हणजे सगळं निम्म्या उंचीचं छापत होतं. म्हणजे मला जे मिलिमीटरच्या आत दिसलं ते खरं तर जवळपास दुप्पट होतं आणि समोर सरळसरळ इन्फिरिअर वॉल एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक, होता. मधे पंधरा मिनिटं गेली. पेशंटला थ्रोम्बोलाइज केलं, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, ते वाचले, पण ती पंधरा मिनिटं गेली ती गेलीच, आणि त्यात त्या डॉक्टरइतकीच मीही जबाबदार होते कारण खांब दिसत नसताना मी ईसीजी वाचला.

तेव्हापासून माझा नियम आहे, कॅलिब्रेशनचा खांब आणि कागदाचा वेग दिसल्याशिवाय ओपिनियन देत नाही. तुम्ही पाठवतानाच लिहा, "खांब १० मिमी, वेग २५, छातीत दुखत असताना काढलेला, वेळ १:४०". फोटो चॅटवर नुसता टाकला की तो दाबला जाऊन बारीक रेघा पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जुना ईसीजी घरी असेल तर नातेवाइकांना आणायला सांगा, कारण जुन्या आणि नव्यातला फरक हेच कितीतरी वेळा उत्तर असतं.

एक्स-रेचं तसंच. फ्लॅश बंद, खोलीतला दिवा बंद, फिल्म लाइटबॉक्सवर, आणि पूर्ण फिल्म येऊ द्या, कोपरे कापू नका, कारण न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) बारीक रेघ वर टोकाला आणि कडेला लपलेली असते. आर किंवा एलची खूण दिसली पाहिजे. काही फोनचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखा उलटा करतो, आणि ती हवा काढायची नळी छातीच्या उलट्या बाजूला टाकण्यासारखी भीषण चूक नाही. खरं सांगायचं तर बारीक न्यूमोथोरॅक्स फोटोवर नाही म्हणायला मी धजत नाही, मूळ डिजिटल फाइल असेल तर तीच पाठवा.

त्वचेवरच्या पुरळाला तीन फोटो, एक लांबून म्हणजे अंगावर कुठे कुठे आहे ते कळेल, एक मधला, एक जवळून शेजारी पट्टी ठेवून, दिवसाचा उजेड असेल तर उत्तम. पण फोटो एक गोष्ट कधीच सांगत नाही, ती म्हणजे दाबल्यावर लाली जाते की नाही. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबून धरा आणि तसाच फोटो काढा. ताप आहे आणि दाबूनही डाग जात नाहीत तर फोटोच्या उत्तराची वाट न बघता थेट कॉल करा.

व्हिडिओबद्दल मी जे शिकले ते एका पीडियाट्रिशियन मॅडमकडून, मी एकटी ड्युटी करत असतानाच्या दिवसांत. सात-आठ महिन्यांचं बाळ, सर्दी खोकला, मी फोनवर सांगितलं की छाती साफ आहे, सॅच्युरेशन ९४, फार काही नाही, नेब्युलायझेशन देऊन घरी सोडू का. मॅडम म्हणाल्या व्हिडिओ लाव. मी लावला, हातात फोन धरून बाळाच्या चेहऱ्याकडे. त्या म्हणाल्या, चेहरा नको, सगळे कपडे काढ, आईच्या मांडीवरच राहू दे, आणि फोन टेबलावर कशाला तरी टेकवून बाळाच्या छातीच्या पातळीला बाजूने लाव, हलवू नकोस. मग म्हणाल्या पंखा बंद कर आणि सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसा. त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं, प्रत्येक श्वास सोडताना बाळ बारीक कण्हत होतं. आणि बाजूने बघितल्यावर फासळ्यांच्या खाली दर श्वासाला खड्डा पडत होता, पोट उडत होतं, जे मला समोरून, दुपट्यात गुंडाळलेलं असताना दिसलंच नव्हतं. मॅडमनी छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडायला सांगितलं आणि रंग परत यायला किती लागतो ते मोजायला सांगितलं, तीन सेकंदांच्या वर गेलं. बाळ घरी गेलं नाही, ऑक्सिजन लावून ॲम्ब्युलन्सने गेलं. मॅडम कितीतरी किलोमीटर लांब होत्या, बाळ माझ्या हाताखाली होतं, पण बघायचं कसं हे त्यांना माहीत होतं म्हणून ते दिसलं. त्यामुळे व्हिडिओवर स्पेशालिस्ट काही करायला सांगत असतील, फोन इथे ठेव, दिवा तिकडे कर, तर कंटाळू नका, तुम्ही त्या वेळी त्यांचे हात आणि डोळे असता.

स्ट्रोकमध्ये तर ही पद्धत आता चांगलीच रुळलीय. न्यूरोलॉजिस्ट व्हिडिओवर बघून स्ट्रोक किती मोठा आहे त्याचा स्कोअर काढतात, दात दाखवा, एकेक हात दहा सेकंद वर धरा, एकेक पाय पाच सेकंद, चित्रातलं काय आहे ते सांगा, आणि सीटी बघून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवतात. त्या इंजेक्शनची खिडकी साडेचार तासांची. २००६ साली एका पेपरने हिशोब मांडला होता की मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी जातात, त्यामुळे न्यूरोलॉजिस्ट स्क्रीनवर येईपर्यंत तुम्ही शुगर बघितलेली हवी (शुगर खाली गेली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं), बीपी मोजलेलं हवं कारण १८५/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवावं लागतं, वजन हवं, सीटीला पेशंट निघालेला हवा. आणि वेळ विचारताना "कधी सुरू झालं" असं विचारू नका. नातेवाईक सांगतात सकाळी सहाला, कारण सहाला उठवायला गेले तेव्हा दिसलं. विचारा, शेवटचं ठणठणीत कोणी आणि कधी पाहिलं. ते रात्री अकरा असेल तर घड्याळ अकरापासून चालतं.

काही ठिकाणी मात्र लांबचं ओपिनियन मागत बसणं म्हणजेच वेळ घालवणं. मुलाच्या अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं की टॉर्शन, म्हणजे अंडकोषाला पीळ पडलाय, असं समजून सर्जनकडे पाठवायचं, साधारण सहा तासांच्या आत पीळ सुटला तर अंडकोष वाचायची शक्यता चांगली, फोटोवर ते ठरत नाही. प्लास्टर घातलेला पाय, पेनकिलर देऊनही वेदना वाढतायत आणि बोटं सरळ केली की ओरडतोय, हे हाताला कळतं, कॅमेऱ्याला नाही. पोट लाकडासारखं घट्ट झालंय, तेही तसंच. अशा वेळी फोन जरूर करा पण प्रश्न "काय असेल" हा नको, "पाठवतोय, वाटेत काय करू" हा हवा. स्पेशालिस्ट फोन उचलत नसेल तर दुसऱ्याला लावा, आणि तोवर ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवा.

जबाबदारीचं सरळ सांगते. पेशंट तुमच्या समोर आहे, ऑर्डर तुम्ही लिहिताय, तर उपचार करणारे डॉक्टर तुम्हीच. भारतातल्या २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच म्हटलंय, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मागणारा डॉक्टरच उपचार करणारा राहतो आणि जबाबदारी त्याची. याचा अर्थ स्पेशालिस्ट काहीही बोलून मोकळा असा नाही, पण "सर म्हणाले म्हणून दिलं" हे उत्तर तुम्हाला कधीच पुरणार नाही. आणि मी हे अनुभवाने बोलतेय. एकदा धाप लागलेल्या आजोबांसाठी मी सिनियर सरांना फोन केला, सांगितलं हार्टचा पेशंट आहे, धाप आहे, फुफ्फुसात खाली क्रेप्स (पाणी साचल्यासारखे आवाज) आहेत. सर म्हणाले फ्युरोसेमाइड दे (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध). मला आजोबा सुकलेले वाटत होते, जीभ कोरडी, मानेच्या शिरा सपाट, दोन दिवस जुलाब झाले होते. मी बोलले नाही. दिलं. तासाभरात बीपी कोसळलं आणि मग सलाईन चालवून सावरावं लागलं. सरांना परत फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जीभ कोरडी आहे हे मला कसं दिसणार होतं, तू का नाही बोललीस?" आजोबा सावरले, पण तो प्रश्न अजून माझ्यासोबत आहे. तुम्हाला सल्ला पटत नसेल तर वाद म्हणून नको, माहिती म्हणून बोला, "सर, जीभ कोरडी आहे आणि मानेच्या शिरा दिसत नाहीयेत, तरीही द्यायचं का?"

डोस ऐकला की परत म्हणून दाखवा. फिफ्टीन की फिफ्टी हा घोळ फोनवर अगदी सहज होतो, म्हणून "एक-पाच" किंवा "पाच-शून्य" असे आकडे सुटे म्हणा, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम ते म्हणा, किती वेळात द्यायचं ते म्हणा. आणि फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न विचाराच, "मी तुम्हाला परत कधी फोन करू?" म्हणजे लघवी तासाला किती मिलीच्या खाली गेली तर, सॅच्युरेशन कितीच्या खाली गेलं तर, किती वाजेपर्यंत फरक पडला नाही तर. हे आकडे केसपेपरवर लिहा आणि सिस्टरांना वाचून दाखवा, कारण पहाटे चारला पेशंटजवळ त्याच असतात. त्याच कागदावर कॉलची वेळ, कोणाशी बोललात, तुम्ही कुठली माहिती दिलीत, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय केलंत आणि सांगितलेलं काही केलं नसेल तर का नाही, चार ओळी पुरतात. चॅटवरचं संभाषण म्हणजे रेकॉर्ड नव्हे, फोन हरवला की गेलं.

प्रायव्हसीवर थोडक्यात. पेशंटला किंवा नातेवाइकांना सांगा की मी अमुक तज्ज्ञांचं मत घेतोय, फोटो पाठवतोय, बहुतेकांना उलट बरंच वाटतं. चेहरा लागत नसेल तर घेऊ नका, नाव आणि नंबरचा स्टिकर झाका, पण मग स्पेशालिस्टला कुठला फोटो कोणाचा हे कळावं म्हणून वय आणि बेड नंबर लिहा, एका रात्रीत तीन ईसीजी आले की अदलाबदल होते. दोन-दोनशे डॉक्टरांच्या ग्रुपवर पेशंटचे फोटो टाकणं बंद करा, तिथे दहा उत्तरं येतात आणि जबाबदार एकही नसतो. फोटो केसपेपरला जोडला की फोनमधून काढा, आपोआप बॅकअप होत असेल तर तिथूनही.

आता यातला मला सगळ्यात प्रिय भाग. २००३ साली न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी प्रोजेक्ट इको सुरू केलं, हिपॅटायटिस सीचे पेशंट लांबून विद्यापीठात येऊ शकत नव्हते म्हणून त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं, प्रत्येकाने आपली केस मांडायची, सगळ्यांनी ऐकायची. २०११ साली त्यांनी ४०७ पेशंटचे निकाल छापले, विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले आणि त्या लांबच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे तितकेच. ते डॉक्टर दर आठवड्याला आपल्या केसचं पुढे काय झालं ते सांगत होते, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. कॉल होतो, सल्ला मिळतो, पेशंटचं काय झालं ते स्पेशालिस्टला कळतच नाही, मग माझा सल्ला बरोबर होता की चूक हे मला तरी कुठून कळणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाका, पेशंट सुधारला असेल तरी आणि गेला असेल तर नक्कीच. रात्री दोनला फोन करायला संकोच वाटतो असंही तुम्ही लिहिलंय, त्यावरही हाच उपाय आहे, जे डॉक्टर दुसऱ्या दिवशी कळवतात त्यांचा फोन रात्री दोनलाही मी पहिल्या रिंगला उचलते, कारण मला माहीत असतं की हे आकडे घेऊन बसलेत. तो हाफ स्टँडर्डवाला ईसीजी पाठवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून म्हणाला की गृहस्थ उठून बसलेत, चहा मागतायत. आणि म्हणाला, मशीनवर चिठ्ठी चिकटवलीय, "खांब दहा आहे का बघा". त्यानंतर त्याच्याकडून आलेल्या प्रत्येक ईसीजीत तो खांब आहे.